लहानू पोहाणेचा राग

लहानू पोहाणे मला कधीच आवडला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही. आमच्या देवळी गावात त्याच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि ते खोटं त्यानं स्वतःच पसरवलेलं आहे. म्हणून मला माहीत असलेलं लिहून ठेवतो.

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि गावच्या मंडळासाठी नाटकं लिहायचो. लहानू बाजार समितीत सोयाबीन-तुरीचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचा. त्याचा आवाज पोत्यांच्या थप्प्या ओलांडून पार रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. खर्जातला, घोगरा, शेवटाला चाबूक ओढल्यासारखा. मीच त्याला नाटकात घेतलं, ही माझी चूक. पहिल्याच नाटकात त्यानं दुष्ट पाटील असा रंगवला की पुढच्या रांगेतल्या देवकाबाईंनी चप्पल भिरकावली. ती चप्पल त्यानं जपून ठेवली होती आणि आल्यागेल्याला दाखवायचा.

पुढं दिवाळी ते होळी तो झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांकडे जाऊ लागला. सावकार, दरोडेखोर, सुनेला छळणारा सासरा. नागपूरच्या रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात खडूस म्हाताऱ्याचा आवाज द्यायचा. कीटकनाशकाच्या जाहिरातीत बोंडअळीसुद्धा तोच झाला होता. चांगल्या माणसाचं काम त्याला कोणी दिलं नाही आणि त्यानं मागितलंही नाही.

एकदा भर प्रयोगात तो वाक्य विसरला. मी विंगेतून सांगत होतो, त्याला ऐकू गेलं नाही. तर हा पाटलाच्याच आवाजात माझ्याकडे वळून गरजला, "ओ मास्तर, झोपला का बे?" हजार माणसं हसली. वर्षभर शाळेतली पोरं माझ्या पाठीमागे तेच ओरडत होती. त्यानं माफी मागितली नाही. उलट पुढच्या तीन प्रयोगांत तेच वाक्य मुद्दाम घातलं. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

त्याची बायको शोभाबाई मात्र भली बाई. नवऱ्याच्या एकाही नाटकाला ती गेली नाही. "घरीच ऐकून राह्यली ना रोज," म्हणायची.

दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरात शोभाबाईंचं पोट दुखायला लागलं. दोन दिवस अंगावर काढलं, मग लहानूनं त्यांना एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. सकाळचे दहा वाजले होते. सोबत त्यांची मुलगी सपना होती, तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं आईच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. पोट दगडासारखं झालं होतं. ती बापाला म्हणाली, "बाबा, मोठ्या डॉक्टरले बोलवा. आत्ताच्या आत्ता."

लहानू गेला. टेबलाशी एक तरुण डॉक्टर मोबाइल बघत बसला होता. लहानूनं विचारलं. डॉक्टरनं मान वर न करता उलट विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

लहानूनं हात जोडले. "नाई साहेब," म्हणाला आणि परत येऊन स्टुलावर बसला.

दुपारी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावानं आरडाओरडा केला, टेबलावर मूठ आपटली. दोन डॉक्टर धावत त्या खाटेपाशी आले. सपना बापाचा दंड धरून हलवत होती. "बाबा, बोला ना. ओरडा ना." लहानू फरशीकडे पाहत बसून राहिला. सपना स्वतः चारदा गेली. तिला "ट्रेनिंगची पोरगी मध्ये मध्ये करू नको" म्हणून हाकललं. चार वाजून गेल्यावर मोठा डॉक्टर आला. आतडं फुटलं होतं. ऑपरेशनला नेता नेता शोभाबाई गेल्या.

तेराव्यानंतर सपना होस्टेलला गेली, तेव्हापासून ती बापाशी बोलायची थांबली. साडेतीन वर्षं. कोर्स पूर्ण करून ती वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली, ते मला बाजारात कळलं. लहानूकडून नाही. तो मात्र चौकात सांगायचा की त्यानं त्या डॉक्टरची कॉलर धरली होती. खोटं; खरं काय ते तेराव्याला सपनानं मला सांगितलं होतं.

दोन हजार बावीसमध्ये त्याला एक विचित्र काम मिळालं. सपना ज्या दवाखान्यात नोकरीला होती, त्याच्याच मेडिकल कॉलेजात मीरा नावाच्या प्राध्यापक डॉक्टर होत्या. होऊ घातलेल्या डॉक्टरांना चिडलेल्या नातेवाइकांशी बोलायला शिकवण्याचा त्यांचा तास असे. त्यासाठी त्यांना रागावणारा नट हवा होता. रेडिओवर त्यांनी लहानूला ऐकलं होतं. काम असं: तो पेशंटचा बाप, मुलाला घेऊन चार तास बसलेला. एकेक विद्यार्थी समोर येणार. लहानूनं भडकायचं. विद्यार्थ्यानं नीट ऐकून घेतलं तर हळूहळू शांत व्हायचं. सगळं एका कागदावर लिहिलेलं. समोर कॅमेरा, कारण नंतर पोरांना त्यांच्या चुका दाखवायच्या असत.

लहानू खूश होता. पोरींना घाम फोडायचा, पोरांची त त प प व्हायची. सपनाचा वॉर्ड त्याच आवारात होता. व्हरांड्यात समोरासमोर आले की ती वळून दुसऱ्या जिन्यानं जायची.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सुमीत नावाचा मुलगा त्याच्यासमोर बसला. हुशार, पण उर्मट. लहानू ठरल्याप्रमाणे कडाडला. सुमीतनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

त्या पोराला काही ठाऊक नव्हतं. पण लहानूचा आवाज एकदम खाली आला. मीरा मॅडमनी मला नंतर सांगितलं की इतक्या हळू बोलताना त्यांनी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"नाई. मी डॉक्टर नाई. पण दहा वाजल्यापासून मी इथं बसून आहो. तिचं पोट दगड झालं. माझी पोरगी चारदा आली तुह्याकडे, तू मोबाइल पाहून राह्यला होता. उठ. माझ्यासंगं चाल. शोभाच्या पोटाले हात लाव, मंग सांग मले कोण डॉक्टर हाय ते."

कागदावर मुलगा होता, शोभा नव्हती. सुमीत उभा राहिला. लहानूनं त्याचं मनगट धरलं आणि सोडेना. मीरा मॅडमनी येऊन सोडवलं.

"मॅडम, हा माणूस पागल आहे," सुमीत म्हणाला. त्यानं लेखी तक्रार केली आणि लहानूचं काम बंद झालं.

पण कोणीतरी ते रेकॉर्डिंग फोनवर पसरवलं. फिरत फिरत ते सपनापर्यंत गेलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी लहानूच्या घरी होतो. शाळेच्या कार्यक्रमाची सूत्रं तो सांभाळेल का, असं मुख्याध्यापकांनी मलाच विचारायला पाठवलं होतं. तो नाही म्हणत होता, तेवढ्यात सपना आत आली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"आवाज तर चालते ना तुमचा, बाबा. मंग आईच्या वक्ती काऊन नाई चालला?"

लहानू खाटेवरून उठला, परत बसला. मग त्यानं बोट माझ्याकडे केलं. "मले कोणी ना कोणी लिहून देत होतं. हा मास्तर लिहून दे, कंपनीवाला लिहून दे. तिथं कोणी लिहून देल्लं नाई. तोंड उघडलं तर अंदरून काहीच नाई आलं."

"हे काय कारण झालं?" सपना म्हणाली. मलाही तेच वाटलं.

"नाई झालं," तो म्हणाला.

ती रडली नाही. पर्समधून एक फाइल काढून तिनं खाटेवर आपटली. दवाखान्याचे सगळे कागद तिनं साडेतीन वर्षं सांभाळले होते. "मी मागंच तक्रार केली. पंधरा दिवसांनी नागपूरले चौकशी समितीपुढं बोलाचं हाय. भरती करणारे तुम्ही, सही तुमची. आता लिहून घ्या कोणाकडून पाह्यजे तर, पण बोला. आणि माफ केलं असं समजू नका."

ती गेली. लहानूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी शोभाबाईंसाठी लिहितो. तुझ्यासाठी नाही."

"मालूम हाय," तो म्हणाला.

आठ दिवस आम्ही भांडत होतो. "हे वाक्य तोंडात बसत नाई," तो म्हणायचा. "'अक्षम्य हलगर्जी' म्हणजे काय बे, ती काय भाषण देऊन मेली?" एका कागदाचे तर त्यानं माझ्यासमोर तुकडे केले. फक्त एका ठिकाणी माझं चाललं. चौकात सांगायचा ती कॉलरची गोष्ट त्याला घालायची होती. मी पेन बंद करून उठलो. तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "बरं, लिह्य. हात जोडले होते, असं लिह्य."

नागपुरात समितीपुढं त्यानं ते तसंच सांगितलं. दवाखान्याचे वकील दोनदा मध्ये बोलले. दोन्ही वेळा तो थांबला आणि त्याच शब्दापासून पुढं सुरू झाला. सपना भिंतीशी उभी होती. हात जोडल्याचं वाक्य आलं तेव्हा ती खिडकीबाहेर पाहू लागली.

निकाल आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. त्या तरुण डॉक्टरला लेखी ताकीद, दवाखान्याला दोषी धरणारं एक पत्र. एवढंच. लहानू ते पत्र घेऊन आला आणि माझ्या ओसरीवर थुंकला. "येवढ्यासाठी?" म्हणाला. त्याबद्दल मी त्याच्यावर ओरडलो, आणि ओसरी त्याच्याकडूनच धुऊन घेतली.

निकालाचं ऐकून मीरा मॅडमनी त्याला परत कामावर बोलावलं. सुमीतची मार्चमध्ये अर्धवट राहिलेली परीक्षा त्यानंच घेतली आणि त्याला नापास करा म्हणून भांडला. मॅडमनी ऐकलं नाही. सुमीत पास झाला आणि जाताना लहानूला नमस्कार न करता गेला.

सपना दिवाळीला आली होती. एक दिवस राहिली. शोभाबाईंच्या फोटोला हार घातला, बापाला वरण खारट केलं म्हणून बोलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वर्ध्याला गेली. तो तिला स्टँडवर सोडायला गेला होता. तिनं पिशवी त्याच्या हातात दिली नाही, पण गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा राहिला आणि तिनं खिडकी लावली नाही.