मोसंब्यांतलं संत्रं

युरोपातलं तीस वर्षांचं धर्मयुद्ध आमचे सर फळांवर शिकवत. धरमपेठेतल्या त्यांच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासात टेबलावर एका बाजूला संत्री, ती कॅथलिक. दुसऱ्या बाजूला मोसंब्या, त्या प्रॉटेस्टंट. फळं सरांच्या भावांच्या बागेतली, नरखेडहून पेटीनं यायची. लढाईत पडलेली फळं तास संपल्यावर आम्ही खायचो. त्यामुळे या युद्धाला कुणी दांडी मारत नसे.

फ्रान्स आला की मात्र सरांची गाडी अडायची. तिथला राजा कॅथलिक, पण उतरला प्रॉटेस्टंटांच्या बाजूनं. सर एक संत्रं उचलून मोसंब्यांत ठेवत आणि त्याच्याकडे बघत बसत. "हे तिकडे काहून गेलं गा?"

आम्ही पाठ केलेलं म्हणून दाखवायचो: शेजारचं राजघराणं डोईजड होईल ही भीती, सत्तेचा तोल.

"हे पुस्तकात आहे. त्याले मनातून काय वाटलं असंन, ते सांग."

ते कुणालाच येत नसे, सरांनाही. एवढा शिकलेला माणूस एका संत्र्यापाशी गोंधळतो, याची मला तेव्हा गंमत वाटे.

मग मी त्यांच्या मुलीच्या, प्रांजलीच्या प्रेमात पडलो. आमचं घर बौद्ध, सरांचं हिंदू शेतकऱ्याचं. मनीषनगरला त्यांच्या घरी जाऊन मी सरळ विचारलं.

"पोरगा चांगला आहेस तू. पण नाही."

"काहून, सर?"

"मले भाऊ आहेत." मी उठलो तसे म्हणाले, "उद्या तासाले ये. फ्रान्स आहे."

चिडावं की हसावं, कळेना. गेलो मी, आणि मुकाट्यानं संत्रीही खाल्ली.

शेवटी आम्ही नोंदणी लग्न ठरवलं. नोटीस लागली तशी बातमी नरखेडला पोचली. लग्नाच्या दिवशी कचेरीत तीन साक्षीदार हवे होते, माझा तिसरा आलाच नाही. सरांच्या भावांनी त्याला गाठून दम दिला होता. प्रांजली रडकुंडीला आली. तेवढ्यात दारात सर. मला वाटलं, मुलीला न्यायलाच आले. ते सरळ माझ्या मित्रांच्या बाकावर बसले आणि तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी त्यांनी सही केली.

"सर, तुम्ही इकडे?"

"मलेही नाही समजून राहिलं गा," म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर नरखेडहून पेटी आली नाही, भाऊही आले नाहीत. सर बाजारातली फळं आणून शिकवत राहिले. त्यांना पश्चात्ताप होता का, हे विचारायचा धीर मला झाला नाही, आणि गेल्या हिवाळ्यात सर गेले.

आता तो तास मी घेतो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, हे संत्रं तिकडे काहून गेलं?" मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. तास संपल्यावर पोरांनी बाकीची फळं फस्त केली. मोसंब्यांतलं ते एक संत्रं मी घरी आणलं. प्रांजलीनं ते हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं. सोललं कुणीच नाही.