साडूनं तापवलेली गाडी

चहा यायच्या आत सांगून टाकतो. एकदा कप हातात आला की तुम्ही हसणार, चहा सांडणार आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटणार. तसं या प्रकरणात माझं जेवढं हसं व्हायचं तेवढं होऊन गेलंय म्हणा. मुरगूडला मी कुठल्याही कार्याला गेलो की अजून लोक आधी माझ्याकडं बघतात, मग गाडीकडं बघतात आणि मग पदराआड, टोपीआड, मिळेल त्याच्याआड हसतात.

मी शाळेत पर्यवेक्षक. फळ्याकडं तोंड असताना मागून खडू कुणी मारला, हे नुसते चेहरे बघून ओळखणारा माणूस. ज्यानं मारला तो खाली बघतो. झालं, एवढंच आमचं शास्त्र. ते शास्त्र मी मोटारीच्या इंजिनाला लावायला गेलो.

गाडी आमची जुनी. माणूस असती तर यंदा दहावीला बसली असती. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात ती उभी असली की शेजारच्या काकू तिच्या टपावर मिरच्या वाळत घालतात, आणि मी किल्ली घेऊन खाली आलो की मलाच म्हणतात, "जरा थांबा की सर, ऊन हाय तंवर." मी थांबतो. पण गाडीनं कधी त्रास दिला नव्हता. म्हणजे साडूनं नेईपर्यंत.

साडू म्हणजे शामराव. आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचे, शोभाचे यजमान. मुरगूडला शेती, म्हशी आणि आवाज, तिन्ही भरपूर. ते फोनवर बोलायला लागले की मी फोन कानापासून हातभर लांब धरतो, तरी हिला स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं. तर त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, त्यांची स्वतःची गाडी गॅरेजला लावलेली, म्हणून माझी घेऊन गेले. दोन दिवसांनी आणून सोडली. धुऊन, पुसून, टाकी भरून, आणि वर डिकीत घरच्या तुपाचा डबा.

आता इतक्या चांगुलपणाचा तुम्हाला संशय आला नसता. पण तुम्ही पर्यवेक्षक नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघं कळंब्याला निघालो, हिच्या मैत्रिणीकडं. पेठेतून कळंबा ते काय लांब? पण तिथलं जेल मागं पडलं आणि टेंपरेचरचा काटा चढायला लागला. बघता बघता लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. कोल्हापुरात गाडी बंद पडली की माणसं बोलवावी लागत नाहीत, ती आधीच तिथं असतात.

"पावणं, टोपण उघडू नका, तोंड भाजंल."

"पानी संपलंय त्यातलं."

"पानी न्हाय ओ, पंखा गेलाय."

"गाडीच गेलीया. इकून टाका."

गार झाल्यावर बघितलं तर पाणी थोडंसंच कमी होतं. पंखा फिरत होता. मग गाडी तापली कशी? मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, वर्गात विचारतो तसा प्रश्न स्वतःला विचारला. शेवटी कुणाच्या हातात होती? उत्तर यायला वेळ लागला नाही. संध्याकाळी मुरगूडला फोन लावला.

"शामराव, लग्नाला गाडी नेलीत तेव्हा काटा वर गेलता का?"

"कसला काटा?"

"टेंपरेचरचा."

"मी रस्त्याकडं बघून गाडी चालवतो, पावणं. काट्याकडं बघून न्हाय."

बघा. खाली बघितलं की नाही? फोनवर दिसत नाही, पण मला कळतं.

मग गाडी बाळू मिस्त्रीकडं नेली. त्यानं बॉनेट उघडलं, गाडी चालू करून ठेवली आणि आम्ही दोघं काट्याकडं बघत उभे राहिलो. काटा निम्म्यावर आला आणि तिथंच बसला. बाळू म्हणाला, "काय झालेलं न्हाय सर." तरी त्यानं थर्मोस्टॅट बदलला. गाडी परत तापली. त्यानं रेडिएटरमधलं सगळं पाणी काढून आतला गाळ धुतला, नवं कूलंट भरलं. परत तापली. आणि गंमत अशी, की गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी केली की ती इतकी गुणाची, जशी मी वर्गात असताना आमची नववी ब. रस्त्यावर आली की सुरू.

इथं खरं म्हणजे माणसानं विचार करावा, की बॉनेट उघडं असताना तापत नाही आणि मिटून पळवली की तापते, म्हणजे काय? मी विचार केला नाही. मी व्हिडिओ बघितले. रोज जेवण झाल्यावर बघितले. आणि एके रात्री मला तो शब्द सापडला. हेड गॅस्केट.

इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमध्ये एक पातळ पट्टी असते. गाडी कुणी एकदा भलती तापवली, की ती जळते, आणि मग गाडी कायमची तापत राहते. कुणी एकदा तापवली! आता मला सांगा, या वाक्यात शामराव सोडून दुसरं कुणी बसतं का? शिक्षकांच्या खोलीत मी याच्यावर सबंध एक तास बोललो. ज्यांच्याकडं सायकलसुद्धा नाही अशा माणसांना मी हेड गॅस्केट समजावून सांगितलं. शेवटी आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, "साडूच तसला असला तर पट्टी काय करणार?" मला बरं वाटलं.

घरी मात्र तसं नव्हतं.

"अहो, त्यांनी टाकी भरून दिली, गाडी धुऊन दिली," ही म्हणाली.

"धुतली का पण? पुरावा घालवायलाच ना?"

"मग तूप कशाला दिलं?"

"तोंड बंद करायला."

"ते काय झालेलं दिसत न्हाय," असं म्हणून ती आत गेली.

व्हायचं तेच झालं. माझं बोलणं पेठेतून फिरत फिरत मुरगूडला पोचलं, आणि जाताना चांगलं वाढून गेलं. तिथं पोचेपर्यंत शामरावांनी माझी गाडी जाळलीच होती. रोज दुपारी चारला हिचा आणि शोभाचा फोन व्हायचा. भाजी काय केली इथपासून गावातली लग्नं कुणाची ठरली इथपर्यंत. तो बंद पडला. चार वाजले की ही फोनकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची, मग उगीच डबे आवरायला घ्यायची. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटत होतं. पण वाईट वाटतं म्हणून खडू मारणाऱ्याला सोडून द्यायचं का?

त्यातच शोभाच्या नातीचं बारसं आलं. बोलावणं शोभाचं नव्हे, तिच्या लेकीचं आलं, "मावशी, तू ये बाई," म्हणून. मी जाहीर केलं, की शामराव चूक कबूल करत नाहीत तोवर मी मुरगूडची पायरी चढणार नाही. थोरला जावई बारशाला आला नाही म्हणजे गाव काय ते समजणार, आणि मग ते भांडण दोन्ही घरांत कायमचं बसणार, हे हिलाही ठाऊक होतं. तिनं बारशाच्या आदल्या दिवशी पिशवी भरली आणि एस्टी स्टँडवर निघाली. दारात एवढंच म्हणाली, "तुम्ही आणि तुमचं गॅस्केट बसा एकमेकाकडं बघत."

बारसं संध्याकाळी होतं. सकाळी दाराची कडी वाजली. बघतो तर शामराव. पहिल्या एस्टीनं आलेले.

"पावणं, किल्ली द्या."

"कशाला?"

"मी गाडी चालवतो. तुमी शेजारी बसा. मुरगूडपतोर जाऊ. तापली तर आमच्या गावात इंजिन खोलून घेऊ, माझी चूक. न तापली तर गप जेवायला बसायचं. घरात बाया डोळं पुसाय लागल्यात, मला बघवंना झालंय."

आता यात तुम्हाला मोठेपणा दिसेल. मला चालून आलेली संधी दिसली. मी चपला घातल्या.

शामराव रस्त्याकडं बघत होते आणि मी काट्याकडं. गाडी तापू नये म्हणून प्रार्थना करणारे मालक तुम्ही पाहिले असतील. मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी तापावी म्हणून देवाला विनवलं. आणि देवानं ऐकलं. कळंब्याच्या जरा पुढं काटा लालमध्ये गेला.

"बघा शामराव, बघा," मी म्हणालो. माझ्या आवाजात इतका आनंद होता, की आता आठवलं तरी मान खाली जाते.

त्यांनी शांतपणे गाडी बाजूला घेतली. खाली उतरले. गाडीच्या समोर जाऊन वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी आत बसून कबुलीजबाबाची वाट बघत होतो.

"पावणं," त्यांनी हाक मारली, "तुमी आत काय करताय?"

"बसलोय."

"गाडीत न्हवं. हितं, जाळीच्या आत."

उतरून बघितलं. पुढच्या जाळीच्या पट्ट्यांमधून एक डोळा आणि निम्मी मिशी माझ्याकडं बघत होती. दोन्ही माझ्याच.

शामरावांनी आत हात घालून सुतळ्या तोडल्या आणि ओढून काढलं ते हातभर रुंद फ्लेक्स होतं. आमच्या तालमीच्या पोरांनी माझ्या वाढदिवसाला कोपऱ्यावर लावलेलं. वर लिहिलेलं, 'शिस्तप्रिय, अभ्यासू, मार्गदर्शक', आणि खाली मी हात जोडून उभा.

आणि मग मला आठवलं. गाडी मुरगूडहून परत आली त्याच रात्री बॉनेटखाली एक उंदीर शिरताना मी बघितला होता. वायरी कुरतडायला नकोत म्हणून घरात पडलेलं हे फ्लेक्स कापून जाळीच्या मागं बांधून टाकलं. पाच मिनिटांचं काम, सकाळी विसरूनही गेलो. छापलेली बाजू बाहेर ठेवली, कारण स्वतःचं तोंड इंजिनाकडं करायला जीव झाला नाही. आता रेडिएटर गार होतो तो समोरच्या वाऱ्यानं. त्या वाऱ्याच्या वाटेत मी इतके दिवस हात जोडून उभा होतो. बॉनेट उघडलं की वरून वारा मिळायचा, आणि मिटलं की परत मी.

मी तिथूनच बाळूला फोन लावला. "अरे, पुढं फ्लेक्स होतं, तुला दिसलं नाही?"

"दिसलं की सर. मला वाटलं, हौसेनं लावलंय."

"मग काढायचं नाही?"

"तुमचा फटू हाय. मी कसा काढू?"

यात त्याचा काय दोष? आमच्या गावात कुणाचा फोटो कुठं लावलाय, हे कोण विचारतंय?

इंजिन गार होईतो शामराव फोनमध्ये काहीतरी करत उभे होते. मी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. गाडी निघाली. काटा निम्म्यावर आला तो मुरगूडपर्यंत हलला नाही. शामराव एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. शेवटी मीच तोंड उघडलं.

"शामराव, गॅस्केट ठीक असावं."

"व्हय."

"घरी काय सांगायचं?"

"माझ्या तोंडातनं शबूद न्हाय बाहेर पडायचा. शपथ."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. माणूस मोठा, असं मनात म्हणालो. माफी नंतर सवडीनं मागू, असंही म्हणालो.

मुरगूडला दारात मांडव घातलेला, पाहुणे जमलेले. मी उतरलो आणि सगळा मांडव आधी माझ्याकडं, मग गाडीकडं बघायला लागला. शोभा तांब्या घेऊन पुढं आली. "या दाजी. वाटंत वारं लागलं न्हवं?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

हिनं फोन माझ्यापुढं धरला. आमच्या नात्यातला ग्रुप. शामरावांनी खरंच शब्द पाळला होता, तोंडातून काही काढलं नव्हतं. फोटो टाकला होता. गाडीच्या बॉनेटवर ठेवलेलं फ्लेक्स, त्यात हात जोडलेला मी, आणि खाली दोनच शब्द, 'बिघाड सापडला'. त्याखाली अंगठ्यांची रांग. पहिला अंगठा आमच्या हिचा. मी कळंब्यापुढं रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो तेव्हाचा.

मी वर बघितलं. हिनं फोन परत घेतला होता, शोभाचं डोकं तिच्या डोक्याला टेकलं होतं, आणि दोघी बहिणी हसून हसून डोळे पुसत होत्या. भांडण मिटलेलं दिसत होतं. मी म्हणालो, "चला, म्हणजे आता माफी मागायची काही राहिली नाही."

"मागितलीसा की फोटोत," ही म्हणाली. "तुमी फ्लेक्सवरच बरं दिसताय. बोलत न्हाय."