बुधवारचा निरोप

मला एका सदुसष्ट वर्षांच्या बाईंचा हेवा वाटायचा. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. पण ते खरं आहे, म्हणून आता राहू देते.

त्या निवृत्त शिक्षिका आहेत. जयपूरच्या राजा पार्कात मुलाकडे राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी साठी ओलांडलेल्या सात-आठ मराठी बायका जमतात. कुणाचा मुलगा कंपनीत, कुणाचा जावई फौजेत, अशा निमित्तानं जयपूरला आलेल्या. तिथला नियम एकच. प्रत्येकीनं आठवड्यातली एक बातमी आणायची आणि तिच्यावर स्वतःचं मत सांगायचं. गुडघे आणि सुना यांच्यावर चहा झाल्यानंतरच बोलायचं.

माझ्या आत्याला तिथं मीच नेलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय त्रेसष्ट. एकतिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्यात. वडील फौजेतून निवृत्त होऊन इथंच सिक्युरिटी सुपरवायझर झाले, शास्त्री नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि साताऱ्याकडची आत्याही आमच्याबरोबर इथं आली. तिला शाळा कधी मिळालीच नाही. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली.

सकाळी ती भाकऱ्या थापायची आणि मी शेजारी बसून तिला पेपर वाचून दाखवायची. पेपर हिंदी. मतलब, डोळे हिंदीवर आणि तोंडातून मराठी. हे मला फार छान जमायचं. कॉलेजात मुली भराभर इंग्रजी बोलत तेव्हा मी शेवटच्या बाकावर गप्प असे. पण घरात एक माणूस असं होतं, की सगळं जग त्याच्यापर्यंत माझ्या तोंडून पोचायचं.

आणि मी गाळायची. म्हाताऱ्या आईला बसस्टँडवर सोडून गेलेला मुलगा गाळला. जखमी जवान मी बरे करून घरी पाठवले. आत्याला वाईट वाटू नये, एवढंच मनात असायचं. निदान मी स्वतःला तसं सांगायची.

तिच्या पहिल्याच गुरुवारी हे अंगाशी आलं. एका कॉलनीत बिबट्या शिरल्याची बातमी होती. मी तो पकडून जंगलात सोडल्याचं सांगितलं होतं. आत्यानं तिथं ती बातमी अगदी रंगवून सांगितली. तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अहो, कुठला पकडलाय? माझी नणंद तिथंच राहते. तीन दिवस झाले, दूध आणायला खाली उतरली नाहीये!" सगळ्या हसल्या. आत्याही हसली. मी दाराजवळच्या खुर्चीत बसून मोबाईल बघत राहिले.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. पुढच्या गुरुवारी मी सोबत गेले नव्हते. आत्या परत आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "काय गं, आपल्याकडच्या गावांनी ठराव केलाय म्हणं. नवरा गेला तरी बाईचं कुंकू पुसायचं न्हाई. हळदीकुंकवाला समद्या बायकांना बोलवायचं. लई दिवस झाले म्हणं त्याला. तू वाचलं नव्हतंस व्हय?"

"वाचलं होतं."

"मग?"

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"वाईट वाटायचं तर मला वाटलं असतं की," ती म्हणाली. "त्येबी तूच वाटून घेतलंस?"

त्याच आठवड्यात ती बाईंकडे मुळाक्षरं शिकायला लागली.

दुरेघी वही आली, पेन्सिल आली, आणि घरात 'बाई म्हणत्यात' सुरू झालं. बाई म्हणत्यात, ताठ बसून लिवावं. बाई म्हणत्यात, रोज एक केळं खावं. बाई म्हणत्यात, मत द्यायला जाताना कुणाला द्यायचं ते घरात इचारू नये. मी तिला दोन वर्षं जग वाचून दाखवलं, पण 'माझी भाची म्हणती' असं ती कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही.

एकदा मी तिला आणायला गेले, तर बाई तिच्या मागं उभ्या राहून, तिचा हात आपल्या हातात धरून, अक्षर गिरवून घेत होत्या. आत्यानं जीभ दातात धरली होती. इतक्या जवळून तिचा हात मी कधी धरला होता, ते मला आठवेना. घरी आल्यावर मी तिची वही बघितली आणि म्हणाले, "तुझ्या 'ब'चं पोट फुगलंय."

तिनं खोडरबर घेतला आणि आख्खी ओळ पुसली.

"पेपर पण त्यांनाच वाचून दाखवायला सांग आता," मी म्हणाले.

"जळतीस व्हय गं?" ती हसून म्हणाली. मी नाही म्हणाले. आई भांडी लावत होती, तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि पुन्हा भांडी लावायला लागली.

मग संक्रांत आली. दर वर्षी संक्रांतीनंतर आई फौजेतल्या ओळखीच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावते. बायका पुढच्या खोलीत बसतात. आत्या स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी गरम पाकातले लाडू वळत असते, आणि पडद्याच्या कडेनं ताट माझ्या हातात देते. शाळेत होते तेव्हापासून मी ती ताटं पुढं नेत आले. कुणी तिला बाहेर येऊ नको म्हटलेलं मी ऐकलं नाही. ये म्हटलेलंही नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी माझ्या फोनवर बाईंचा निरोप आला. आत्याकडे फोन नाही. अक्षरं सुटी सुटी, सोपी लिहिलेली: 'उद्या बुधवारी चार वाजता. हळदीकुंकू. सगळ्यांनी यायचं.' खाली माझ्यासाठी: 'हे त्यांचं त्यांना वाचू दे. तू मदत करू नकोस.'

मी मदत केली नाही. मी फोन पालथा घातला.

सगळ्यांनी म्हणजे काय, ते मला कळलं होतं. बाई आत्याला कुंकू लावणार होत्या. बत्तीस वर्षांनी ते होणार होतं आणि ते बाईंच्या बोटानं होणार होतं. माझ्या डोक्यात तेव्हा आत्या नव्हतीच. फक्त ते बोट होतं. बैठक गुरुवारची असते, तिला कळणार नाही, असं मी धरून चालले.

बुधवारी सकाळपासून गच्च्यांवर पतंग, लाउडस्पीकर आणि 'वो काटा'ची आरडाओरड. आई शेजारी इथली संक्रांतीची गोड फेणी द्यायला गेली होती. साडेतीनला मी वाळलेले कपडे काढायला वर गेले. मांजा अडकलेली दोरी सोडवण्यात वेळ गेला. खाली आले तर आत्या स्वयंपाकघरात उभी होती, आणि माझा चार्जिंगला लावलेला फोन वायरीसकट हातभर लांब धरून बघत होती. त्याला कुलूप नव्हतं. आत्याला वाचता येत नाही, मग कुलूप कशाला, असा माझा हिशेब.

"टुण्‌कन वाजला म्हणून बघितला," ती म्हणाली. बाईंनी 'निघालात का?' असं विचारलं होतं. पण आत्याचं बोट त्याच्या वरच्या निरोपावर होतं.

"बु... ध... वा... री." तिनं मान वर केली. "आज बुधवारच न्हवं?"

"हो."

ती पुन्हा वाचू लागली. प्रत्येक अक्षराला थांबत होती. 'हळदीकुंकू'पाशी आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला, पण तिनं ते पुरं वाचलं. मग 'तू मदत करू नकोस'ही वाचलं. तिनं आयुष्यात स्वतः वाचलेली पहिली गोष्ट म्हणजे मी तिच्यापासून लपवलेला निरोप.

मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "इरकल नेसू का साधं?"

"आत्या, मी..."

"नंतर रड. चार वाजत आले."

आम्ही ई-रिक्षात बसलो. रस्त्यात मांजा लोंबत होता आणि भैया एका हातानं तो वर उचलत गाडी चालवत होता. आम्ही पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. मी दारातच, चपलांपाशी थांबले.

बाईंनी करंडा पुढं केला आणि विचारलं, "लावू?"

आत्यानं डोळे मिटले. मान किंचित पुढं केली. बाईंनी कुंकू लावलं, हातावर तीळगूळ ठेवला आणि वाण दिलं. दांडीचं भिंग. पेपर वाचायला प्रत्येकीला एक. ज्या काकूंची नणंद बिबट्यामुळं अडकली होती त्या म्हणाल्या, "आता कुणाच्या पोरीबाळींचे बिबटे चालायचे नाहीत हं!" आत्यानं मोठ्यांदा हसून टाळी दिली. मला आनंद झाला होता. पण तो नीट वर येत नव्हता. मला अजून त्या बोटाचाच राग येत होता. मग वाटलं, कुंकवाची डबी आमच्याही घरात आहे, माझ्या हाताला येईल अशा फळीवर. मला बोटही आहे. इतकी वर्षं कुणी अडवलं होतं?

घरी आल्यावर आईनं तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "वन्सं, चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरीला बसले, कारण पेपर आत्याकडे होता. पहिल्या पानावर भिंग टेकवून ती ओठ हलवत होती. शब्द हिंदी होते, त्यामुळं प्रत्येक शब्दाशी थांबून ती स्वतःशी त्याचं मराठी करायची. मला दुरूनही मथळा दिसत होता. सांगावासा वाटत होता. मी पीठ मळत राहिले.

आईचं हळदीकुंकू शुक्रवारी होतं. शेवटी मी विचारलं, "आत्या, उद्या मी लावू तुला?"

तिनं भिंग हलवलं नाही.

"थांब," ती म्हणाली. "एवढी वळ वाचून होऊ दे."