अण्णाचा झोत

अण्णाला कुणी "काय करतोस?" असं विचारलं की तो खरंच सांगायला बसायचा, हा त्याचा मोठा दोष. बाकीचे लोक नोकरीचं नाव सांगून मोकळे होतात. माझा हा चुलतभाऊ बेळगुंदीचा, पण राहायचा परदेशात, एका संशोधन अणुभट्टीवर. पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या उलट्या भाराच्या भावंडांचा, दाट झोत तयार करणं हे त्याचं काम. एवढं मी न अडखळता सांगू शकतो. पुढे माझा जो गोंधळ सुरू होतो, तो आजतागायत संपलेला नाही.

सुट्टीत आला की उकडलेली रताळी सोलता सोलता तो मला शिकवायचा. "भट्टीतल्या किरणांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यात पॉझिट्रॉन जन्मत्यात. लई बेफाम. त्यास्नी जरा थकवून, एका वाटेनं धातूवर सोडायचं."

"आणि मग?"

"इलेक्ट्रॉन भेटला की दोघंबी संपत्यात. मरता मरता, धातूत अणूची जागा कुठं रिकामी हाय ते सांगून जात्यात."

एवढ्या कष्टानं जन्माला घालायचं आणि मरायला सोडायचं! मी मान हलवायचो. मान हलवण्यात मी पटाईत.

मी बेळगावच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. एकदा आमचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेलं काम, भोकं पडून गिऱ्हाइकाकडून सारखं परत येत होतं. मी मोठ्या विश्वासानं त्यातला एक तुकडा अण्णाच्या बॅगेत लाडवांच्या डब्याखाली कोंबला. तिकडून फोन आला, "अरं शहाण्या, ह्या भोकात माझं बोट जातंय! तुमच्या साच्याची वाळू ओली हाय काय, तेवढं बघ." वाळू खरंच ओली होती.

अण्णाच्या आईला, म्हणजे काकूला, मात्र यात हसू येत नसे. लेकाचं काम आपल्याला कळायला हवं, हा तिचा ध्यास. तो सांगायचा, ती ऐकायची आणि तो परत गेला की मला विचारायची, "तुला कळलं काय रं?"

"व्हय की काकू. लई सोपं हाय," मी छातीठोकपणे सांगायचो. ती "बरं" म्हणून चुलीकडे वळायची.

गेल्या वर्षी अण्णा तिकडेच हृदयविकारानं गेला. बाराव्याची माणसं पांगल्यावर काकूनं मला जवळ बसवलं. "आता तरी नीट सांग. माझ्या पोरानं जल्मभर काय केलं?"

मी तोंड उघडलं. पत्रे, किरण, रिकाम्या जागा, सगळं डोक्यात एकमेकांवर आदळलं. फार लाज वाटली. "न्हाय काकू, मलाबी कधी कळलं न्हाय. खोटं बोलत हुतो."

बारा दिवस कोरड्या डोळ्यांनी बसलेली काकू माझा हात धरून रडायला लागली. "आदी का न्हाय बोललास रं? मला वाटायचं, आई असून मला एकटीलाच त्यो कळंना."