बिल ऐकणारे सासरे

बिल वाचणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, पण बिल ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. क्लच आणि ब्रेक ही त्यांच्या मते एकाच घरातली भांडखोर भावंडं, आणि बॅटरी म्हणजे टॉर्चमध्ये असते तीच, फक्त खात्यापित्या घरची. तरीसुद्धा बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत कोणाची गाडी गॅरेजमधून आणायची असली, की तो माणूस आधी आमची बेल वाजवायचा आणि बाबांना बरोबर घेऊन जायचा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून निघायचे. लग्नाला जातानाही त्यांनी इतकी तयारी केलेली मला आठवत नाही.

त्यांची पद्धत अशी. बिलाचा कागद ते हातात घ्यायचेच नाहीत. "चष्मा घरी राहिला रे, तूच वाचून दाखव," असं म्हणायचे आणि चष्मा शर्टाच्या खिशातून सगळ्यांना दिसत असायचा. मग खुर्ची ओढून डोळे मिटून बसायचे. गॅरेजवाला एकेक ओळ वाचू लागायचा. केलेलं काम माणूस ठणकावून वाचतो आणि न केलेल्या कामाशी आला की त्याचा आवाज आपोआप खाली जातो, हा बाबांचा सिद्धांत. आवाज जरा बसला की त्यांचं बोट वर. "थांब. ही ओळ परत वाच." दुसऱ्यांदा वाचताना आवाज आणखी बसायचा, आणि ती ओळ बिलातून जायची. "खोटं बोलायला माणूस शिकतो गं," ते मला समजावायचे, "खोटं वाचायला नाही शिकत."

हा सिद्धांत ते कुठेही लावायचे. हॉटेलात वेटरकडून पदार्थ तोंडी म्हणवून घ्यायचे आणि "साबुदाणा वडा म्हणताना बसला हो आवाज, सकाळचा असणार," असं म्हणून इडली मागवायचे. आमच्या लग्नाआधी हॉलच्या मॅनेजरला त्यांनी सगळा हिशेब वाचायला लावला. 'जनरेटर'पाशी त्याचा आवाज बसला, बाबांनी बोट वर केलं आणि जनरेटर हिशेबातून उडाला. लग्नाच्या दिवशी ऐन पंगतीत वीज गेली. माझ्या माहेरची माणसं मोबाइलच्या उजेडात मसालेभात शोधत होती आणि बाबा माझ्या वडिलांना सांगत होते, "अहो, त्याला सर्दी झाली होती हे मला मागाहून कळलं."

हार त्यांनी एकदाच खाल्ली, मालाडच्या एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये. काउंटरवरच्या मुलीने ते लांबलचक बिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका सुरात वाचलं. बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. "बँकेच्या फोनवरची बाई बोलते तशी वाचते ही. पकडायचं कुठे?" तेव्हापासून आमची गाडी कायमची सुभाषकडे. सुभाषचं गॅरेज आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. तोही बाबांसारखाच मालवणकडचा, त्यामुळे भांडण साध्या मराठीत सुरू होऊन मालवणीत रंगायचं आणि चहावर संपायचं. माझा नवरा लाजेने समोरच्या पानाच्या टपरीशी उभा राहून आपण त्या गावचेच नाही असं दाखवायचा. मी मात्र आत बसायचे. फुकटात एवढी करमणूक बोरीवलीत दुसरीकडे कुठे मिळते?

मग बाबांना ऐकू कमी येऊ लागलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोन, मग मी. कानाच्या मशीनचं नाव काढलं की म्हणायचे, "मशीन म्हातारी माणसं लावतात." अशातच आमच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलले आणि आम्ही सुभाषकडे गेलो. सुभाष वाचू लागला. बाबांनी डोळे मिटले, मग उघडले, मग कानामागे हात धरला. "परत वाच." सुभाषने मोठ्याने वाचलं. "परत." आता तो इतक्या जोरात ओरडत होता की रस्त्यावरचे रिक्षावाले आत डोकावले. ओरडून वाचलेलं सगळंच खरं वाटतं. बाबांचं बोट वर गेलं नाही. सुभाषने मागितले तेवढे पैसे त्यांनी मोजून दिले, चहासुद्धा घेतला नाही, आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "आता बिलं तूच बघत जा."

त्यानंतर शेजारी बेल वाजवायला आले तर ते झोपेचं सोंग घ्यायचे. इस्त्रीचे शर्ट कपाटात तसेच लटकत राहिले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली त्यांचं टिंगल करण्यासारखं काही उरलंच नाही, तर मग घरात करायचं काय? पुढच्या वेळी मी एकटी गाडी घेऊन गेले, तर सुभाषने हात पुसत पहिल्यांदा विचारलं, "काका नाय आले? आजारी हायत का?" मी खरं काय ते सांगितलं. त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "वहिनी, गाडी संध्याकाळी देतो. पण न्यायला काकांना आणा. नायतर देतच नाय, जा."

संध्याकाळी मी बाबांना मंदिरात जायचं सांगून बाहेर काढलं आणि गॅरेजपाशी थांबवलं. सुभाष बिल घेऊन समोरच बसला. ऑइल बदलणं, फिल्टर, लेबर, सगळं खणखणीत वाचलं. मग एकदम थांबला. खाकरला. मान खाजवली. गाडीकडे चोरून बघितलं, परत खाकरला आणि कागद तोंडासमोर धरून काहीतरी पुटपुटला. बाबांचं बोट हळूहळू वर गेलं.

"थांब. ही ओळ परत."

"गाडी धुण्याचे, काका," सुभाष खालमानेने म्हणाला.

बाबा उठले. बॉनेटवर आठवडाभराची धूळ होती आणि तिच्यावर कावळ्यांनी आपलं काम केलेलं होतं. "मेल्या, गाडी धुतलंस म्हणतंस? मगे ह्यां काय आसा, रांगोळी?"

"चुकान लिवलंय, काका."

मग काय विचारता! भांडण झालं, मालवणीत झालं, रिक्षावाले पुन्हा डोकावले, आणि चहा आला.

परत येताना सोसायटी जवळ आली तेव्हा बाबा समोर बघतच म्हणाले, "सुभाषला सांग, एवढा खाकरत जाऊ नको. मी बहिरा झालोय, आंधळा नाही."

गेटपाशी तळमजल्यावरचे जोशीकाका भेटले आणि बाबा उतरून त्यांना हकीकत सांगू लागले. ऐकू येत नसल्यामुळे हल्ली ते मोठ्यानेच बोलतात, त्यामुळे फिल्टर, ऑइल, कावळे, सगळं दोन्ही विंगना ऐकू गेलं. "न धुता धुण्याचे पैसे लावत होता," ते म्हणाले, "पण मी पकडलं." आणि त्या शेवटच्या दोन शब्दांवर त्यांचा आवाज खाली गेला. चांगलाच गेला.

मी बोट वर केलं नाही.