छातीच्या उंचीवर

त्या दिवशी दादाबरोबर रानात दुसरा माणूस का नव्हता?

हे मी ऑफिसात सगळ्यांना विचारलं. कोणी खाली बघतं, कोणी चहा मागवतं. दादाचे किस्से मात्र जो तो सांगतो. तेराव्यापर्यंत दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये किस्स्यांचा ढीग लागला. लोक हसायचे आणि मग आई दिसली की गप्प व्हायचे. त्यांना ठाऊक नसलेले किस्से माझ्याकडे आहेत.

*

दादा एमएस्सी, मी दहावी नापास. गुडगावात नवीन काचेच्या बिल्डिंगा उठत होत्या, त्यातल्या एकीत त्याचं ऑफिस. जंगल राखणाऱ्या गावांना कार्बन क्रेडिट मिळवून द्यायचं काम. म्हणजे झाडं जेवढा धूर पोटात घेतात, तेवढ्याचे पैसे परदेशातल्या कंपन्या गावाला देणार. दादानेच मला तिथे ड्रायव्हर म्हणून लावलं.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. दादा बुटका. त्याने माझ्या शर्टाचं दुसरं बटण टेपने मोजून ठरवून टाकलं. मी झाडाला टेकून उभा राहायचो, तो बटणाच्या रेषेत टेप फिरवायचा. ऑफिसने उंचीची काठी दिली, ती डिकीतच राहिली.

"काठी शिव्या देत नाही," म्हणायचा. "मजा नाही येत यार."

*

रान गुडगावजवळच्या मानेसरच्या पुढे, अरवलीच्या डोंगरात. देवाचं रान. तिथली वाळलेली काडीसुद्धा कोणी बाहेर नेत नाही.

मला काय ठाऊक! पहिल्याच दिवशी एक काडी उचलून दात कोरत गाडीपर्यंत आलो. गावातले एक म्हातारे, सगळे त्यांना ताऊ म्हणतात, काठी टेकत मागे आले.

"बेटा, जहाँ से उठाई, वहीं रख के आ."

दात कोरलेली काडी घेऊन मी अर्धा मैल परत गेलो. दादा रस्ताभर हसत होता. जागेवर पोचल्यावर म्हणाला, "जरा डावीकडे ठेव. इथे नव्हती."

*

ऑफिसात मीटिंग झाली. आमचे साहेब, खरे आडनावाचे सर, ताऊंना म्हणाले, तुम्ही रान आधीपासूनच राखताय, मग क्रेडिट कशाचं? जे जंगल तुटणार होतं आणि वाचलं, त्याचे पैसे मिळतात.

ताऊंनी विचार केला. "तो पहले थोड़ा काट दें?"

कोणी हसलं नाही. कारण बिल्डर दर आठवड्याला गावात येत होता, आणि गावातली अर्धी पोरं विकायला तयार होती. दादाने तेच पकडलं. रान विकत मागणारं बिल्डरचं पत्र मिळवलं आणि सरांपुढे ठेवलं. हा घ्या धोका. सर म्हणाले, बिल्कुल चालेल, पण महिनाअखेरीपर्यंत सगळी मोजणी पाहिजे. नाहीतर फाईल बंद.

*

मोजणीला दोन माणसं लागतात, असा नियम आहे. दुसरा मी.

मे महिना होता. ताऊ कागदावर अंगठा द्यायला गुडगावला आले, तर गार्डने त्यांना दोन तास बाहेर उन्हात बसवलं. सरांना मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, बसू दे ना, मीटिंग चालू आहे." मी गाडीची किल्ली त्यांच्या टेबलावर फेकली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात बूट घालत होता. शेवटचाच तुकडा राहिला होता.

"येतोस?"

"त्या माणसाचं काम मी करणार नाही."

"त्याचं कुठे आहे?" दादा म्हणाला, आणि शेअर ऑटोने गेला. काठी गाडीच्या डिकीत, गाडीची किल्ली सरांकडे.

*

दुपारी दादा एका गुराख्याला सापडला. लू लागली होती, उष्माघात. शेवटचं झाड मोजून त्याच्याच बुंध्याला टेकला होता.

गावातून खाट आणायला वेळ गेला असता. गुराख्याच्या हाकेने आलेल्या ताऊंनी त्याचीच कुऱ्हाड घेतली आणि दोन ओल्या फांद्या तोडल्या. त्या गावात हे कोणी कधी बघितलं नव्हतं. डोक्यावरची पगडी सोडून फांद्यांना बांधली आणि तिच्यावर दादाला रस्त्यापर्यंत आणलं.

तोवर तो गेला होता.

ताऊंनी पगडी सोडली, फांद्या खांद्यावर घेतल्या आणि रानात परत ठेवून आले.

*

तेराव्यानंतर खरे सरांनी बोलावलं. ताऊ बसले होते, या वेळी आत, एसीत. टेबलावर दादाचा शेवटचा फॉर्म. सगळी झाडं भरलेली, घामाने शाई पसरलेली. 'सोबत कोण' या रकान्यात दादाच्या अक्षरात माझं नाव.

सर हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्याची सही नसेल तर फॉर्म बाद होतो. फॉर्म बाद झाला की फाईल गेली."

मी त्यांना पुन्हा विचारलं, त्याच्याबरोबर दुसरा माणूस का नव्हता.

सरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. ताऊ माझ्याकडे बघत होते.

मी पेन मागितलं. नावापुढे सही केली. त्याखाली रानात पोचल्याची वेळ लिहायची राहिली होती, तीही लिहिली. सकाळी आठ, दोघेही.