धाकटीपेक्षा वरचा

माझी आत्या घरी बसून छापखान्यासाठी कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावून द्यायची. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेला हे काम तिनेच शिकवलं. पुढे धाकटीने नवा कॉम्प्युटर घेतला आणि छापखानेवाले आत्याचं दार ओलांडून थेट वर जायला लागले. तेव्हापासून आत्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जिन्यात चपला वाजल्या तरी ती जळायची.

अशात भूमितीचं एक जाडजूड पुस्तक आलं. छापखानेवाले म्हणाले, "दोघी पहिलं प्रकरण लावून दाखवा. जिचं उजवं, तिला पुस्तक." आत्याच्या जुन्या मशीनवर एक वर्तुळ सरकवायचं म्हणजे चहा पिऊन यायचं. तिने मला धरलं आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने तिचं काम विचारून नव्या मशीनसाठी एक स्वस्तातला प्रोसेसर पुढे ठेवला. "ताई, तुम्हाला हा भरपूर झाला."

"आमच्या धाकटीने कोणता नेला?"

"हाच."

"मग याच्या वरचा दाखवा."

वरचा होता, किंमतही जवळपास तीच. "पण यात स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय नाही," दुकानदार म्हणाला. "वेगळं कार्ड घ्यावं लागेल."

"कार्ड गेम खेळणाऱ्या पोरांना. मला पानं लावायचीत." दुकानदाराने हात टेकले. आत्या त्या तोऱ्यात असली की देवही तिच्या वाटेला जात नाही.

घरी मशीन जोडलं. पंखा भन्नाट फिरला, स्क्रीन मात्र काळा ठिक्कर. आत्याने बटण दाबून दाबून बोट लाल केलं. मग कार्डाचा अर्थ लख्ख कळला: त्याच्याशिवाय स्क्रीनवर अक्षरही उमटणार नाही. दुकान बंद झालेलं, पानं सकाळी द्यायची.

आवाज ऐकून धाकटी खाली आली. "वहिनी, माझं झालंय. वर येऊन बसा ना."

गेली, काय करणार! धाकटीच्या खुर्चीत बसून आत्याने प्रकरण लावलं. वर्तुळं कशी सरसर सरकत होती! "मेला चांगला चालतो गं," ती माझ्या कानात पुटपुटली. दात ओठ खात.

सकाळी छापखानेवाल्यांनी दोन्ही प्रकरणं बघितली आणि पुस्तक आत्याला दिलं. "नव्या प्रोसेसरची कमाल दिसतेय," आत्याचं नवं मशीन बघून ते म्हणाले. धाकटी शेजारीच उभी होती. तिने हूं की चूं केलं नाही.

ते गेल्यावर आत्या माझ्यावरच उखडली. "बघितलंस? हिने खरं सांगून टाकलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं! आता हिचा रागही करायचा नाही की काय मी?"

दुपारी ती मला घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने कुरकुरत प्रोसेसर बदलून दिला. "चला, आता दोघी जावांचं अगदी सारखं झालं."

"मशीन तेवढं झालं," आत्या म्हणाली आणि प्रोसेसरचा डबा पिशवीत कोंबून चालायला लागली.